क्रॉसिंगचा बारावा तास

अमिरातीतल्या फुजैराच्या बंदरात जहाजांना इंधन भरून देतात. त्या इंधनाचे नमुने आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि मी ते तपासते. घनता, पाण्याचं प्रमाण, कुठल्या तापमानाला वाफ पेट घेते ते. प्रत्येक चाचणी दोनदा करायची आणि दोन आकड्यांत ठरलेल्यापेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही रद्द, असा नियम आहे. पुढे जे लिहिते आहे त्यातला प्रत्येक आकडा मी असाच दोनदा पाहिला आहे.

क्रॉसिंग ही पंच्याऐंशी किलोमीटरची शर्यत. जानेवारीतल्या एका शुक्रवारी पहाटे पाचला धैदच्या पलीकडच्या वाळूतून सुटते, मसाफीचा घाट चढते, बिथनाच्या किल्ल्याखालून उतरते आणि फुजैराच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, संपते. इंग्लंडातून, दक्षिण आफ्रिकेतून लोक येतात. तिची ख्याती अंतरापेक्षा वेळेच्या मर्यादेमुळे जास्त. अकरा तास म्हणजे अकरा तास. दुपारी चारला बंदूक उडते, त्याच क्षणी रेषेवर दोर ताणतात, आणि दोराअलीकडे राहिलेला माणूस त्या दिवशी धावलाच नाही असं धरतात. निकालात त्याचं नाव येत नाही. बंदूक उडेपर्यंत मात्र शर्यत चालू. बंदूकवाला समुद्राकडे तोंड आणि रेषेकडे पाठ करून उभा राहतो. कुणाचा चेहरा बघून त्याचा हात अडखळू नये म्हणून. शर्यत सुरू करणाऱ्या इंग्रजाने ही रीत घातली होती आणि ती कुणी मोडली नाही.

माझे बाबा, उपेंद्र घाडी, वसंतरावांच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर होते. मालवणजवळच्या आमच्या गावातून शाळेला आठ किलोमीटर धावत जायचे, ती सवय इथेही सुटली नाही. शुक्रवारी सकाळी ते कॉर्निशवर धावायचे आणि मी सायकलवरून मागे. माझ्या गळ्यात स्टॉपवॉच असायचं.

"पर्णी, किती?"

मी सांगायचे.

"खोटं नको हं. बाबाला बरं वाटावं म्हणून एक सेकंदसुद्धा कमी नको."

मी कधी कमी सांगितलं नाही. घरी आल्यावर आई म्हणायची, "बापलेकीची वेळ मोजून झाली असेल तर जरा भाजी चिरायला या." समुद्रावर जहाजं नांगर टाकून उभी असायची. वाऱ्याबरोबर तेलाचा वास यायचा. माझ्या लहानपणाला तोच वास आहे.

१९९३ साली बाबांनी क्रॉसिंगला नाव दिलं. मी बारा वर्षांची होते. त्यांचा क्रमांक २१४. त्या वर्षी वसंतरावांनीही नाव दिलं होतं, नवेकोरे बूट घेऊन. मसाफीच्या चढावर ते गाडीत बसले आणि थेट कॉर्निशवर आले. पाण्याच्या बाटल्या आणि पिकअप त्यांच्याच कंपनीच्या, म्हणून मानाने बंदूक त्यांच्या हातात आली.

आई आणि मी एका पिकअपमधून चौकीचौकीवर जात होतो. बाबा कुठल्या चौकीवर किती वाजता आले ते मी शाळेच्या वहीत लिहीत होते. शेवटी आम्ही कॉर्निशवर पोचलो. डोंगराची सावली रस्त्यावर आली होती. माईकवरचा माणूस इंग्रजीत ओरडत होता, "दोनशे चौदा येतोय! दोनशे चौदा!" बाबा मला दिसत होते. तीसेक मीटरवर. हसत होते.

बंदूक उडाली. माझ्या हातात दहा तास, एकोणसाठ मिनिटं, एकवीस सेकंद झाले होते.

दोर बाबांच्या छातीला लागला. त्यांनी दोन्ही हात दोरावर ठेवले आणि तसेच उभे राहिले.

मी धावत वसंतरावांकडे गेले. "काका, अजून एकोणचाळीस सेकंद आहेत." ते वाकले. माझ्या गालाला हात लावून म्हणाले, "बेटा, तुझं खेळण्यातलं घड्याळ आहे." भोवतीची माणसं हसली. ते घड्याळ मी पहाटे त्यांच्याच घड्याळाशी मिळवलं होतं.

घरी जाताना बाबा एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी दहा मिनिटं आधी येऊ. मग कुणाच्या हातात राहणार नाही."

जूनमध्ये आई आणि मी सुट्टीला गावी गेलो. बाबा ती दहा मिनिटं कमवायला एकटेच घाटात धावायला जात राहिले. एका शुक्रवारी ते मसाफी आणि बिथनाच्या मधे रस्त्याकडेला सापडले. त्या दिवशी पारा शेहेचाळीसवर होता. मृतदेह पाठवायची सगळी धावपळ वसंतरावांनी केली. आईला फोनवर म्हणाले, "वहिनी, माणूस फार हट्टी होता." त्यांच्या विनंतीवरून समितीने २१४ हा क्रमांक कायमचा बंद केला. वर्तमानपत्रात त्याची बातमीही आली.

बी.एस्सी. करून २००१मध्ये मी फुजैराला परत आले. शर्यतीच्या समितीला वेळ नोंदवायला माणसं हवी होती. मी गेले. काम चोख होतं म्हणून दुसऱ्या वर्षी वेळेचा सगळा विभाग माझ्याकडे आला आणि त्याबरोबर जुन्या कागदांचं कपाटही.

प्रत्येक चौकीवरचे स्वयंसेवक समोरून जाणाऱ्याचा क्रमांक आणि वेळ हाताने लिहितात. १९९४च्या पहिल्या चौकीच्या कागदावर पेन्सिलने लिहिलं होतं, २१४. पुढे कुठल्याच चौकीवर नाही. क्रमांक तर बंद होता. कुणीतरी ऐकण्यात चूक केली असेल म्हणून मी कागद बाजूला ठेवला.

१९९६. पहिल्या तीन चौक्यांवर २१४. १९९९ला मसाफीपर्यंत. अक्षरं वेगवेगळी, एक तर मल्याळी वळणाचं. कुणीतरी पुढे "नोंदणी नसलेला?" असं लिहून ठेवलं होतं. २००२मध्ये, म्हणजे मी स्वतः काम पाहत असताना, २१४ शेवटच्या चौकीवरून गेला होता. ती चौकी गावात शिरतानाच्या राउंडअबाउटवर, कॉर्निशपासून पाच किलोमीटर.

माझी शाळेची वही आईने सांभाळून ठेवली होती. मी ती मागवून घेतली आणि वेळा शेजारी शेजारी मांडल्या. सगळ्या वर्षांच्या, सगळ्या चौक्यांच्या. मिनिटाला मिनिट जुळत होतं.

मी कुणाला काही सांगितलं नाही. ह्या वेळी तो रेषेपर्यंत आला तर काय, एवढाच विचार केला. समितीच्या बैठकीत सुचवलं की वय वाढलेल्या धावपटूंसाठी मर्यादा अकराऐवजी बारा तास करावी. सगळ्यांना पटलं. चारला बंदूक उडणार नव्हती.

२००३चा तो शुक्रवार. वसंतराव नेहमीप्रमाणे कोट-टाय घालून आले. वय साठीच्या पुढे, पण माणूस ताठ. रेषेच्या पुढे त्यांची खुर्ची मांडली होती, समुद्राकडे तोंड करून. बंदुकीची पेटी मांडीवर. माझं टेबल त्यांच्या बाजूलाच होतं. पोऱ्याने आणलेला चहा त्यांनी घेतला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"घाड्याची मुलगी ना तू? केवढी झालीस! उर्मिलावहिनी बऱ्या आहेत?"

"आई बरी आहे."

"बारा तास केलेत म्हणे. लाड आहेत, हबीबी. आमच्या वेळी..."

"तुमच्या वेळी दहा तास, एकोणसाठ मिनिटं, एकवीस सेकंद होते."

कप हातातच राहिला. मग ते हसले.

"अजून तेच धरून बसलीस? अगं, एकोणचाळीस सेकंद! त्यात हा चहासुद्धा निवत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. जवळ कुणी नव्हतं. "माईकवर नंबर ऐकला ना मी. आता तूच सांग, मालक मसाफीला गाडीत बसला आणि स्टोअरवाला मेडल घालून ऑफिसात मिरवणार? साइटवरची पोरं हसली असती मला. जरा जिरवली त्याची. तो उन्हात जाऊन मरेल हे मला काय माहीत? दहा वर्षं झाली. खलास."

हे ऐकलं की मन हलकं होईल असं मला वाटत आलं होतं. तसं झालं नाही. मी घड्याळ पाहिलं. दहा तास, अठ्ठावन्न मिनिटं.

"खलास नाही झालेलं," मी म्हटलं.

मी मागे वळून रस्ता पाहिला. एक बाई नुकतीच रेषा ओलांडून गेली होती. तिच्यामागे दूरवर कुणीच नव्हतं. रस्ता मोकळा, डोंगराच्या सावलीत. माईकवाला कागद चाळत होता. त्याने मान वर केली, रस्त्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात इंग्रजीत म्हणाला, "दोनशे चौदा येतोय." मग स्वतःच गोंधळून कागद उलटसुलट करू लागला.

वसंतरावांनी कप खाली ठेवला.

पावलं ऐकू आली. रबरी तळव्यांची, एका लयीत. ती लय मी सायकलवरून कित्येक शुक्रवार ऐकली होती.

पाय पडताच वेळ नोंदवणाऱ्या रेषेवरच्या चटईने बीप दिला. चटईवर कुणी नव्हतं.

पावलं थांबली नाहीत. माझ्या टेबलाला वळसा घालून ती खुर्चीच्या मागे आली आणि तिथे थांबली.

वसंतराव उठून उभे राहिले. पेटी खुर्चीवर राहिली. त्यांनी मागे पाहिलं नाही.

"कोण आहे गं मागे?"

मी पाहिलं. "कुणी नाही."

"मग मानेवर श्वास कुणाचा लागतोय?"

मी पुन्हा घड्याळ पाहिलं. 

ते एक पाऊल पुढे गेले. मागे एक पाऊल वाजलं. ते चार पावलं गेले. चार वाजली. मग ते भराभर चालू लागले आणि पार्किंगच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत धावू लागले होते. टाय खांद्यावर उडत होता. लोकांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. कुणीतरी "यल्ला, यल्ला" ओरडलं. ते कोपऱ्यावरून गावाच्या रस्त्याला लागले आणि दिसेनासे झाले.

घड्याळात दहा तास, एकोणसाठ मिनिटं, अठ्ठावन्न सेकंद. मी २१४च्या पुढे चटईने नोंदवलेली वेळ लिहिली. नियमाप्रमाणे.

पाच वाजायला वीस मिनिटं असताना वायरलेस वाजला. राउंडअबाउटच्या चौकीवर जहांआरा होती, हैदराबादची, शाळेत गणित शिकवते.

"मॅडम, आपके वसंतराव सेठ इधर से उलटे जा रहे हैं. मसाफी की तरफ़. कोट में."

"अकेले?"

"नहीं. पीछे एक रनर है."

"नंबर?"

"दो सौ चौदह. लिख दूँ?"

"लिखो."

"सेठ की हालत ठीक नहीं है, मॅडम. रोकूँ क्या?"

रस्त्यावरच्या माणसाला थांबवायचा हुकूम फक्त वेळेच्या प्रमुखाचा असतो. म्हणजे माझा.

"नको," मी म्हटलं. मग तिला कळावं म्हणून हिंदीत सांगितलं, "अभी टाइम है. पिकअप लेके पीछे जाओ. सिर्फ़ देखो."

पाचला बंदूक उडवायला कुणी नव्हतं. समितीचे अध्यक्ष धावत आले. "वसंतराव कुठे? तूच घे, पर्णिका." मी पेटी उघडली, बंदूक घेतली आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिले. लोक मोठ्याने उलटे आकडे मोजत होते. तीन, दोन, एक.

मी बंदूक उडवली नाही.

दोर धरणारी माणसं माझ्याकडे पाहत राहिली. मागून कुणीतरी लंगडत आलं आणि रेषा ओलांडून गेलं. मग आणखी दोघं. टाळ्या सुरू झाल्या. पाच वाजून अकरा मिनिटांनी सत्तरीचा एक माणूस रडत आला. अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले, "चांगलं मन आहे तुझं. पण आता उडव." मी मान हलवली. ते हसले आणि निघून गेले. रेषेवरची गर्दी पांगली. दोर गुंडाळला गेला. मी तशीच उभी होते.

साडेपाचला वायरलेस पुन्हा खरखरला. पिकअपच्या इंजिनाचा आवाज, आणि त्याच्या पलीकडे कुणाची तरी जोरजोरात धाप.

"मॅडम, बिथना आ गया. सेठ के एक पैर में जूता नहीं है. बार-बार बोल रहे हैं, उसको बोलो बंदूक चलाए. हाथ जोड़ रहे हैं."

समोर जहाजांवरचे दिवे एकेक करून लागत होते. ट्रिगर थंड होता. मी त्यावरून बोट काढलं.

"थक गए?"

"बहुत, मॅडम. गिरते हैं, फिर उठते हैं."

"आणि मागचा?" मी मराठीतच विचारलं. तिला कळलं.

 मग तिचा आवाज आला, हळू, वर्गात मुलं झोपली असावीत तसा.

"वो तो बिलकुल ताज़ा है, मॅडम. पसीना भी नहीं आया. लगता है अभी-अभी शुरू किया है."