हात मीच लावणार

भाजीची पिशवी घेऊन उज्वला कोपऱ्यावरून वळली आणि जागीच थबकली. घरासमोर तीनचाकी टेम्पो उभा होता, आणि निळ्या शर्टातला एक अनोळखी तरुण तिची बॅटरीवरची दुचाकी त्यावर दोरीनं बांधत होता.

"ओ! खाली उतरवा ती!"

तो दचकून वळला. श्रावणातली भुरभुर चालू होती. त्याच्या भुवयांवर पाण्याचे बारीक थेंब चमकत होते.

"योगेशभाऊंनी दिलीय मला... भंगारात."

"गाडी माझी आहे. भावाचं काय, उद्या तो मलाही देईल भंगारात."

"तुम्हाला नाही घेता येणार," तो हसत म्हणाला, "चालू माल आम्ही घेत नाही."

"चालू कुणाला म्हणता?"

"अहो, तसं नव्हतं म्हणायचं—" त्यानं जीभ चावली. कान लाल झाले त्याचे. "पण ही गाडी गेलेली आहे हो. लय दिवस पावसात राहिलीय."

"मी सुरू करणार आहे तिला."

हे वाक्य तोंडातून निघेपर्यंत तिलाही ठाऊक नव्हतं.

"येतं तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"शिकेन."

तो दोरीची गाठ सोडू लागला. त्याचं नाव वाल्मीक. अंबडच्या लिंक रोडला त्याचं भंगाराचं दुकान होतं.

गाडी खरंच तिची होती. कॉलेजला जायला आईनं, सगुणाबाईंनी, घेऊन दिलेली. दोन वर्षांपूर्वी योगेशनं ती गुडघाभर पाण्यातून दामटली, बंद पाडली, पेरूच्या झाडाखाली लावली आणि स्वतःला पेट्रोलची गाडी घेतली. गेल्या महिन्यापासून उज्वलाच्या कंपनीची बस मखमलाबादला, घराकडे यायची बंद झाली, आणि योगेशला आयतंच निमित्त मिळालं. "सोड ती अंबडची नोकरी. नाहीतरी दिवाळीनंतर तुझं लग्न करायचंय."

नोकरी ती सोडणार नव्हती.

कंपनीत ती दिवसभर पॅनलला वायरी जोडायची, पण तिथं कुठली कुठं ते कागदावर आखलेलं असायचं. इथं सीट उचललं तर आत पालीची अंडी, आणि तारांच्या जोडांवर हिरवा थर. मोबाइलवर व्हिडिओ बघत तिनं जुन्या टूथब्रशनं एकेक जोड घासला. चार्जर लावला. ढिम्म! शेवटी एका संध्याकाळी, स्वतःवरच चडफडत, बॅटरी मोजायचा मीटर मागायला तिनं लिंक रोड गाठला.

"आलात?" वाल्मीकचा चेहरा उजळला.

"तुमच्याकडे नाही आले. मीटरकडे आलेय."

"मीटर माझ्याकडेच असतो, काय करणार..."

रविवारी तो मीटर घेऊन आला. बाराच्या वर आकडा दाखवायला हवा, तिथं चारही बॅटऱ्या तीन-चारवर बसलेल्या. पुढच्या रविवारी तो अपघातातल्या एका गाडीच्या चांगल्या बॅटऱ्या घेऊन आला आणि पाना उचलून खाली वाकला.

"हात मागे," उज्वला म्हणाली. "तुम्ही सांगा. हात मीच लावणार."

त्यानं शाळेतल्या मुलासारखे दोन्ही हात पाठीमागे बांधले. सांगत राहिला... लाल इकडे, काळी तिकडे, आवळा, अजून थोडं. ती वाकली की तिच्या बटा पुढं यायच्या. बटांकडे बघताना तो पुढचं सांगायचं विसरायचा.

"पुढे?" ती न बघताच विचारायची.

"हां... पुढे..."

तेवढ्यात तिच्या हातातली पाटली बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकली. तड्! मोठी ठिणगी उडाली. वाल्मीक पुढे झेपावला, पण हात मागेच!

"लागलं का? हात... हात सोडू का मागचे?"

"नको," ती म्हणाली. आवाज मात्र तिचा तिलाच वेगळा वाटला.

तिनं पाटल्या काढून खिडकीत ठेवल्या. "रिकाम्या हातांनी बसतेस होय गं?" आतून सगुणाबाई ओरडल्या. ती तशीच बसली.

दिवा लागला त्या दिवशी. पण चाक काही फिरेना. कितीही रेस द्या, गाडी आपली जागच्या जागी. तो मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर तपासायला सांगत होता, तेवढ्यात योगेश बाहेर आला.

"ए भंगारवाल्या, पुरे झालं. नीघ. पुढच्या रविवारी अकराला हिला बघायला त्र्यंबकची माणसं येणारेत."

वाल्मीकचे हात अजून मागेच होते. त्यानं ते हळूच सोडले. मीटर तिथंच ठेवला आणि वळला.

"वाल्मीक—"

तिनं त्याला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. तो थांबला नाही.

आठवडाभर फोनही नाही. उज्वलाला योगेशपेक्षा त्याचाच राग जास्त आला. एवढ्याशा शब्दानं गेला? तो सगळा राग तिनं गाडीवर काढला. रोज कामावरून आली की मीटर घेऊन बसायची, एकेक तार धरून शेवटपर्यंत जायची. शनिवारी तिच्या लक्षात आलं— ब्रेक दाबलेला नाही, तरी मागचा लाल दिवा लागलेलाच आहे! ब्रेकचा स्विच आत गंजून अडकला होता. ब्रेक लागलाय असं समजून गाडी चाकाला हलूच देत नव्हती. तिनं तो जोड उपसून काढला. रेस दिली.

स्टँडवरचं चाक भिरभिरलं.

आनंदानं ती वळली... मागं हात बांधून कुणीच उभं नव्हतं.

रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून तिनं नवा स्विच आणला आणि बसवला. नऊला ती पाहुण्यांसाठी नेसलेल्या मोरपंखी साडीतच गाडीवर बसली.

"कुठं निघालीस?" योगेश ओरडला.

"येते."

वाल्मीक दुकानात पत्रे रचत होता. तिला बघून एक पत्रा त्याच्या हातून निसटला.

"चालली?" त्यानं गाडीकडे बघत विचारलं.

"गाडीचं राहू दे. तू का नाही आलास?"

ती 'तू' म्हणाली हे दोघांनाही कळलं.

"तुमचा भाऊ खोटं थोडीच बोलला? भंगारवालाच आहे मी."

"मग? मला माहीत नव्हतं? मीटर काय सोनाराकडे मागायला आले होते? मला तू आवडतोस. मी तुझ्याशी लग्न करायचं म्हणतेय. भावाला नाही विचारत, तुला विचारतेय."

वाल्मीकचे डोळे भरून आले होते. "मी... आत्ताच येतो घरी तुझ्याबरोबर. त्या लोकांसमोर—"

"नको." तिनं गाडी वळवली. "नाही म्हणायला मला कुणी सोबत लागत नाही. तू संध्याकाळी ये. हो म्हणायला."

त्र्यंबकच्या पाहुण्यांना तिनं स्वतः पोहे दिले, समोर बसली आणि नीट, हात जोडून, नकार दिला. ते लोक समंजस होते. चहा घेऊन गेले. योगेशनं मात्र दिवसभर आदळआपट केली.

सहाला दार वाजलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, ओले केस. योगेश दारातच आडवा उभा राहिला.

"कशाला आलास?"

"मी बोलावलंय," उज्वला आतून म्हणाली.

"आई, बघ हिला!"

सगुणाबाईंनी लेकीकडे बघितलं. मग दाराशी गेल्या.

"योगेश, बाजूला हो. भिजतोय तो."

वाल्मीक आत आला, खुर्चीच्या कडेवर टेकला.

"बोला," सगुणाबाई म्हणाल्या. "काय काम काढलंत?"

त्यानं एकदा उज्वलाकडे बघितलं. ती हसू दाबत होती. त्यानं घसा खाकरला.

"मावशी, उज्वलानं मला मागणी घातलीय... आणि मी हो म्हणायला आलोय."