डब्यातली पाळी

हेमराज पाटलाने चाकांवरचं घर विकत घेतलं, तेव्हा सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या निम्म्या खानदेशाने त्याला वेड्यात काढलं आणि उरलेला निम्मा खानदेश ते घर बघायला आला.

घर कसलं, ॲल्युमिनियमचा डबा. खाली दोन चाकं, पुढे जीपला जोडायचा लोखंडी दांडा, एका अंगाला बुटकं दार. आत एक पलंग, भिंतीला दुमडून ठेवायचं टेबल आणि वाटीपेक्षा जरा मोठं बेसिन. समुद्राच्या बाजूला एक कारखाना उभा राहत होता तेव्हा कुणा गोऱ्या इंजिनियरने तो आणवला होता म्हणे. काम संपलं, साहेब गेला, मग डबा कामावरच्या माणसांना झोपायला राहिला आणि शेवटी कामरेजच्या रस्त्याला हिलालच्या भंगारात येऊन पडला. हिलाल धुळ्याकडचा. गोड बोलून गंजसुद्धा विकेल असा माणूस. पण या डब्याची त्याने एका शब्दाने तारीफ केली नाही. दाराच्या जवळही न जाता लांबूनच म्हणाला, "ली जाय भो. पन हाऊ डबा कधी रिकामा राह्यना नही, इतलं ध्यानमा ठेव."

हेमराजला वाटलं, गिऱ्हाइकं फार येतात असं सांगून भाव खातोय.

हेमराज कापड रंगवणाऱ्या एका डाइंगच्या कारखान्यात वेल्डर होता. पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी. सुरतेत आल्यापासून तो ज्या खोलीत राहत होता तिथे माणसं जास्त आणि खाटा कमी, त्यामुळे एका खाटेला दोन धनी. सुपडू कामावर गेला की हेमराज झोपायचा, हेमराज गेला की सुपडू. खोलीचे कायदे ठरलेले होते. पाळीवरून आलेल्याने खाटेच्या पायथ्याशी बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचं आणि म्हणायचं, "ऊठ रे भाऊ, पाळी व्हयनी." झोपलेल्याने कुरकुर न करता उठायचं आणि गोदडी तशीच उघडी सोडून चालू पडायचं. ज्याने कामाचा खाडा केला त्याला त्या दिवशी खाट नाही. आणि जो खोलीला नकोसा झाला त्याला कुणी तोंडाने सांगत नसे. त्याची गोदडी गुंडाळून दाराबाहेर ठेवायची. त्याने समजायचं, उचलायची आणि जायचं.

या सगळ्यात हेमराजला एकाच गोष्टीची किळस होती. अंथरूण कायम गरम. दुसऱ्याच्या अंगाची ऊब, दुसऱ्याच्या घामाचा वास. सुपडू जिवाभावाचा खरा, पण त्याच्या पाठीचा खळगा रोज आपल्या पाठीखाली घेऊन झोपायचं म्हणजे काय असतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

बायको नूतन गावी, अमळनेरजवळ. लग्नाला वर्षं लोटली, पण संसार झाला तो दिवाळीला चार दिवस आणि आखाजीला चार दिवस. एकदा ती हौसेने सुरतेला आली, तर ती झोपली तिच्या मावशीकडे, बायकांच्या रांगेत, आणि हा आपल्या अर्ध्या खाटेवर. थंडगार अंथरूण आणि त्यात नूतन, एवढंच मागणं होतं बिचाऱ्याचं. माणसं राजवाडे मागतात.

मावशीच्या, म्हणजे सरलाबाईच्या खाणावळीमागे खाडीच्या काठाला मोकळी जागा होती. खाडीचं पाणी कधी जांभळं, कधी हिरवं, ज्या दिवशी जो रंग सुटेल तो. तिथे विटांच्या आधाराने डबा उभा राहिला आणि हेमराज त्याच्या मागे लागला. छताला आतून थर्माकोल मारला, वर चुना फासला. मागच्या बाजूला खिडकी कापली. पलंगाचा जुना सांगाडा काढून लोखंडी अँगलचा नवा, दोघांना पुरेल असा रुंद सांगाडा जोडला, त्यावर नवीन प्लाय आणि नवीन गादी. चैत्रात ओळखीतल्या भूपेंद्रची जीप जोडायची आणि नूतनला घेऊन वणीच्या देवीला जायचं, हेही त्याने ठरवून टाकलं. सरलाबाई पदर खोचून त्याला भाकरी वाढायची आणि तोंडभर शिव्या द्यायची. म्हणायची, "जावाई, लोके घर बांधतस, तू टेम्पो बांधी राह्यना."

पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं ते थंडीत. गादीवर हात ठेवला तर ती गरम. उन्हाने पत्रा तापला असेल म्हणून त्याने छत चाचपलं, ते गार होतं. भिंत गार, टेबल गार. पुन्हा गादीवर हात फिरवला. खांद्यांच्या ठिकाणी गरम, कमरेच्या बाकाशी गार, ढुंगणाच्या ठिकाणी पुन्हा गरम, मग टाचा. त्याने गादी उलटी केली. वेल्डर माणूस, लोखंडाची धग त्याला नवी नव्हती. ही धग लोखंडाची नव्हती.

आणि मग त्याने ती चूक केली, जी खोलीत राहिलेला माणूसच करू शकतो. रातपाळी करून सकाळी आला. डोळ्यांत झोप मावत नव्हती. दाराचं कुलूप काढलं, आत वाकला, तर पलंगावरची गोदडी मधोमध दबलेली. डोकं चालायच्या आधी हात चालला. पायथ्याच्या अँगलवर दोनदा ठोकून तो म्हणाला, "ऊठ रे भाऊ, पाळी व्हयनी."

गादी हळूहळू वर आली. डबा स्प्रिंगांवर एकदा कलला, कुणी पायरी उतरल्यावर कलतो तेवढाच, आणि सरळ झाला.

हेमराज स्वतःशीच हसला. इतका दमला होता की घाबरायचंही राहून गेलं. गरम जागेत आडवा झाला आणि मेल्यासारखा झोपला.

संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला आणि पायथ्याशी दोनदा ठक ठक झालं. तो उठला, चपला घातल्या, गोदडी उघडी सोडून बाहेर आला, नळावर तोंडावर पाणी मारलं. पाणी मारल्यावर त्याला समजलं, आपण कुणासाठी उठलो ते.

पुढे रोज तसंच होऊ लागलं. घड्याळाचा खर्च वाचला, असं तो सुपडूला म्हणाला, हसत हसतच. सुपडू हसला नाही.

"पहिल्यांदा कोनी ठोकी? तू?"

"हा. सवय ना रे."

"आनि त्यानी ठोकी तव्हय तू उठना?"

"उठनू."

सुपडूने चहाचा ग्लास खाली ठेवला. "मंग काय राह्यनं? तो तुन्हा जोडीदार व्हयना."

हे बोलणं हेमराजने मनातून झटकून टाकलं. कारण पाळी बदलून दिवसाची झाली होती आणि नूतन येत होती.

ती आली आणि त्या डब्याला घरपण आलं. तिने खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा लावला, बेसिनवर देवीचा फोटो चिकटवला, दांड्यावर कपडे वाळत घातले. संध्याकाळी हा घामेजून यायचा, आत शिरण्याआधी गुपचूप पायथ्याशी ठोकायचा, डबा जरासा हलायचा आणि रात्र दोघांची व्हायची. इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते मिळालं होतं. फक्त एकदा ती म्हणाली, "दुपारना पलंग काबरं तापस हो?" तो म्हणाला, पत्रा आहे, तापणारच. दुपारी त्यावर आडवी होऊ नको, एवढं मात्र त्याने बजावलं. ती कशाला होतेय? दुपारभर मावशीच्या पोळ्या लाटायची.

पंधरवडा संपला. कारखान्याच्या फळ्यावर त्याचं नाव रातपाळीत लागलं. तो कामावर गेला की पलंग जोडीदाराचा, हा सौदा होता. दिवसा पलंग रिकामा असायचा. रात्री त्यावर नूतन असणार होती.

त्याने सुपरवायझरच्या हातापाया पडून पाहिलं. तो कुणाचं ऐकणारा नव्हता. नूतनला म्हणाला, तू मावशीकडे झोप. ती फणकारली. इतकी वर्षं सासरी काढून आता घर मिळालं, तर पुन्हा बायकांच्या रांगेत? खरं कारण सांगायची त्याला लाज वाटली. काय सांगणार होता?

पहिल्या रातपाळीनंतर तो सकाळी धावतच आला. नूतन चहा टाकत होती, खुशीत होती.

"रातले उनात ना तुम्हीन? मंग सकायमा उठीसन कथा गयात?"

हेमराज रात्रभर कारखान्यातून हलला नव्हता, मग आलं कोण? त्याने सरलाबाईकडून वायर ओढली, कापायचं मशीन लावलं आणि पलंग उभा कापला. एकाच माणसाला पुरेल, तेही अंग चोरून, एवढाच ठेवला. उरलेला अर्धा सांगाडा खाडीत फेकला. नूतन तोंडाला पदर लावून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अजून झोपलेली होती. भिंतीला पाठ टेकून, एका कुशीवर, गादीच्या अगदी कडेला. पुढची जागा मोकळी होती आणि दबलेली होती. तिचा एक हात त्या खळग्यावर पडला होता.

"पलंग ल्हाना करीसन काय भेटनं तुम्हले?" डोळे न उघडता ती लाडात म्हणाली. "आते तं आंगले आंग लागस. आनि तुम्हीन पाठ फिरायीसन निजत नही आते. बरं वाटस."

त्याने तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. देवीचा फोटो खाली पडला.

ती रडली नाही. गालाला हात लावून हळूच म्हणाली, "रातना तुम्हीन येगळा आनि दिनना येगळा."

त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. संध्याकाळचा भोंगा झाला की मात्र हातातलं काम टाकायची, केस विंचरायची आणि उजेडातच अंथरुणावर पडायची. तो जेवणाचा डबा घेऊन कामावर निघायचा तेव्हा ती भिंतीकडे सरकून जागा करत असे. हेमराजला वाटे, हा डबा आतल्या माणसासकट जाळून टाकावा. आत नूतन होती म्हणून डबा वाचला.

चैत्र लागला. भूपेंद्रची जीप ठरली, सकाळी यायची होती. हेमराजने मनाशी एक बेत केला. आदल्या रात्री कामावर जायचंच नाही. पलंगावरून उठायचंच नाही. सकाळी डबा जीपला जोडायचा आणि या भोंग्यापासून लांब निघून जायचं. भोंगाच ऐकू आला नाही, तर पाळी कुणाची बदलणार?

संध्याकाळी तो नूतनच्या आधी पलंगावर जाऊन पडला. ती आली, जरा थबकली, मग त्याला ओलांडून भिंतीकडे गेली. त्याच्याकडे पाठ करून पडली. खिडकीतून खाडीचा आंबूस वास येत होता. बाहेर अजून ऊन होतं. सरलाबाईच्या खाणावळीत ताटं वाजत होती.

भोंगा झाला.

हेमराजने दोन्ही हातांनी अँगल घट्ट धरला.

ठक. ठक.

तो हलला नाही. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तरी त्याने हात सोडला नाही.

डबा दाराच्या बाजूने जरासा खाली बसला. कुणीतरी पायरीवर पाय ठेवल्यावर बसतो तसा. गोदडीचं पायथ्याचं टोक वर उचललं गेलं.

पुन्हा ठक ठक. या वेळी घाई नव्हती, रागही नव्हता. दमलेला माणूस ठोकतो तसं.

नूतनने कूस बदलली. डोळे मिटलेलेच. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, "उठा ना भाऊ. पाळी व्हयनी. यासले निजू द्या."

गावाकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'यासले' म्हणतात. भाऊ म्हणतात ते परक्याला.

हेमराजच्या हातातून अँगल सुटला. तो उठला. चपला घातल्या. गोदडी उघडी सोडली.

तो पायरीवरून उतरला तेव्हा डबा वर आला. आणि त्याच्या मागे पुन्हा तेवढाच खाली बसला.

कारखान्याचं फाटक बंद झालं होतं. खोलीवर गेला, तर त्याच्या वाटणीच्या खाटेवर पारोळ्याचा कुणी नवा माणूस घोरत होता. हेमराज रात्रभर खोलीच्या पायरीवर बसून राहिला. येणारेजाणारे त्याला ओलांडून गेले. त्याने खाडा केला होता. सकाळच्या भोंग्यावर त्याचा काही हक्क नव्हता, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

भोंगा झाला तेव्हा तो तरीही धावला.

खाडीच्या काठावर नुसत्या विटा उरल्या होत्या. मऊ मातीत दोन चाकांचे माग उमटले होते, ते थेट रस्त्यापर्यंत गेले होते. सरलाबाई अंगण झाडत होती.

"जीप लवकरच उनी," ती खाली बघतच म्हणाली. "वनीले गयात दोन्ही. नूतन जावाईना बाजूले बसनी व्हती. कितली हासे!"

मग तिने मान वर करून हेमराजकडे पाहिलं. इतकी वर्षं त्याला पदर खोचून वाढणारी ती बाई, तिने परक्यासमोर ओढतात तसा डोक्यावर पदर ओढून घेतला, बाजूला वळली आणि झाडू लागली.

विटांच्या शेजारी त्याची गोदडी ठेवली होती. नीट गुंडाळून, सुतळीने बांधून.

तो खाली वाकला आणि उचलली. ऊन अजून तिथवर आलं नव्हतं. गोदडी गरम होती.