सहवेदक

त्या दुपारी अभियंता कौमुदी टिपणीस संवेदसेतूच्या वार्षिक तपासणीसाठी तबेल्यात आली, तेव्हा विश्वासराव खोपडे, सगळ्यांचे आप्पा, उंच स्टुलावर बसून भाजलेल्या शेंगा खात होते आणि टरफले खिशात लपवत होते. समोर खंड्या, तांबूस रंगाचा भीमथडी घोडा, मान लांब करून त्यांचा खिसा हुंगत होता.

“लपवून काय उपयोग, आप्पा? त्याला कळलंय,” कौमुदी म्हणाली.

“त्याला कळू दे. डॉक्टरांना कळता कामा नये.”

डॉक्टर मागेच उभे होते. फैयाज इनामदार त्याच महिन्यात संस्थेत पशुवैद्य म्हणून रुजू झाले होते. “मी काही पाहिलं नाही,” ते म्हणाले, “पण उद्या खंड्याचं पोट बिघडलं तर आधी तुमचे खिसे तपासेन.”

नीरेच्या काठावरच्या या प्रतिविष संस्थेत घोड्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषाची अत्यल्प मात्रा टोचत. घोड्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार होत आणि त्यांपासून सर्पदंशावरचे औषध बनवले जाई. पद्धत जुनीच होती. नवा होता तो कायदा. घोड्यावाचून हे औषध बनत नसेल, तर घोड्याला जे भोगावे लागते ते एका माणसानेही भोगले पाहिजे आणि असह्य झाले की ‘पुरे’ म्हटले पाहिजे, असे तो कायदा सांगत होता. त्या माणसाला सहवेदक म्हणत. कायदा लागू झाला त्याच वर्षी विषाची मात्रा निम्म्यावर आली. तज्ज्ञांच्या अहवालांनी जे झाले नव्हते, ते सहवेदकांच्या पोटदुखीने झाले.

आप्पा पूर्वी याच तबेल्याचे प्रमुख होते. निवृत्त झाल्यावर सहवेदक झाले. मात्रा ठरवणाऱ्या विभागाची प्रमुख होती त्यांची मुलगी, विषशास्त्रज्ञ ऋजुता. मुलीने मात्रा काढायची आणि बापाने सोसायची, असा विनोद संस्थेत चाले. तो दोघांनाही आवडत नसे, म्हणून दोघेही त्यावर हसत.

“म्हणजे घोड्याचं पोट दुखलं की यांचं दुखतं?” इनामदारांनी विचारले.

“पोट, पाय, छातीतली धडधड, सगळं,” कौमुदी म्हणाली. तिने खंड्याच्या आयाळीखालची, संवेदसेतूची बटणाएवढी चकती दाखवली. “शरीरातून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना ही टिपते. शिरपट्टा त्या आप्पांच्या मेंदूत उतरवतो. मेंदूला त्या स्वतःच्याच वाटतात. आपली कुठली आणि घोड्याची कुठली, हे आतून ओळखता येत नाही.”

“मग ओळखता कसं, आप्पा?”

“ओळखत बसायचंच नाही. प्रशिक्षणातला पहिला धडा आहे. पट्टा डोक्यावर आहे तोवर जे होईल ते घोड्याचं. माझा हात दुखला तर मी म्हणतो, पुढचा पाय दुखतोय.”

“आणि शेंगा खाऊन पित्त झालं तर?” ऋजुताने दारातून विचारले.

“तेही खंड्याच्याच नावावर. तो बिचारा कुठे तक्रार करतोय?”

इनामदार हसले, मग थांबले. “आणि उलट? आप्पांचं घोड्याला कळतं?”

“थोडा उलटा प्रवाह असतो,” कौमुदी म्हणाली. “पण इतका क्षीण की जाणवत नाही. आम्ही वीसेक स्वयंसेवकांना घोड्याच्या जागी बसवून तपासलंय. एकालाही काही कळलं नाही.” तिने पेटी मिटली आणि सेतू निर्दोष असल्याची सही केली.

संध्याकाळी घरी जाताना ऋजुता गाडी चालवत होती. धरणाच्या वळणावर आप्पा म्हणाले, “आज दमल्यासारखं वाटतंय गं.”

“पट्टा उतरला तरी राहतं थोडा वेळ.”

“हो, तेच असेल,” आप्पा म्हणाले आणि काच खाली करून वारा घेत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा नेहमीप्रमाणे पट्टा लावून बसले, आणि थोड्या वेळाने खंड्याने चारा खाणे सोडले.

ऋजुता प्रयोगशाळेतून धावत आली, तेव्हा तो खूर आपटत होता आणि मान वळवून पुन्हा पुन्हा स्वतःच्या कुशीकडे पाहत होता. मानेवरून घाम निथळत होता. आप्पा पट्टा लावून स्टुलावर भिंतीला टेकून बसले होते. डोळे मिटलेले. तेही घामाने भिजले होते. घोड्याला घाम फुटला की सहवेदकालाही फुटे, त्यात नवे काही नव्हते.

इनामदारांनी खंड्याचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. फिकट होत्या. मग बराच वेळ त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ठेवला.

“ताल चुकतोय,” ते म्हणाले. “मध्येच ठोका गळतोय.”

“माझी मात्रा?” ऋजुताने विचारले.

“नाही. हा विश्रांतीच्या पाळीवर आहे, कितीतरी दिवसांत काही टोचलेलं नाही. आणि माणसासारखा हृदयविकाराचा झटका घोड्यांना सहसा येत नाही, मॅडम. काल ठणठणीत असलेल्या घोड्याचं हृदय आज असं वागत असेल, तर मी पहिलं नाव विषाचं घेईन. चारा कुठून आला?”

“नवा ठेकेदार. महामार्गाच्या कडेचं गवत कापून आणतो.”

“मग कण्हेर. दुभाजकात सगळीकडे लावलीय. गवताबरोबर पानं कापली गेली असतील. वाळली तरी तिचं विष जात नाही. मूठभर पानं घोड्याला पुरतात.”

पुढे जे झाले ते शिस्तीने झाले. चारा आणि पाणी हलवले. खंड्याच्या गव्हाणीतले गवत नमुना म्हणून पिशवीत बंद केले. त्याच गाडीतला चारा बाकीच्या घोड्यांपुढून काढून घेतला. कुणीतरी खंड्याला फिरवायला दोर सोडू लागला, त्याला इनामदारांनी थांबवले. हृदयावर ताण नको होता.

“याला ओकता येत नाही,” ते नाकातून नळी सरकवत म्हणाले. “पोटात गेलेलं वर येत नाही. आतच बांधून टाकायचं.” नळीतून कोळशाच्या भुकटीचे काळे पाणी उतरू लागले. “पण कण्हेर नसेल, दुसरंच काही असेल, तर उपाय बदलेल. मला लक्षणं हवीत. आतली.”

आतले सांगू शकणारा एकच जण होता.

ऋजुता आप्पांसमोर गुडघ्यावर बसली. घोडा मरत असताना त्याच्याशी जोडलेल्या माणसाचे काय होते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. म्हणूनच जनावर दगावण्याची शक्यता दिसताच पट्टा काढावा, असे नियम सांगत होता. तिचा हात पट्ट्याच्या कडीवर होता.

“खंड्याला काय होतंय?”

“छाती,” आप्पा डोळे न उघडता म्हणाले. “छातीवर कुणी गुडघा टेकवून बसलंय. जबडा ओढतोय. डाव्या पुढच्या पायात कळ आहे, पार खुरापर्यंत.”

“आणि पोटात?”

“मळमळतंय. ओकारी येतेय आणि येत नाही.”

“येणारच नाही त्याला,” इनामदार म्हणाले. “बरोबर आहे. जुळतंय सगळं. पायातली कळ कुठे, आप्पा? खांद्यातून सुरू होतेय का?”

“खांद्यातून.”

“काढते मी पट्टा,” ऋजुता म्हणाली.

आप्पांनी तिचा हात धरला. हात गार होता. “काढलास तर सांगणार कोण? त्याला तोंड आहे का? डॉक्टरांना काम करू दे, ऋजू.”

तिने कडीवरून हात काढला.

खंड्याचे गुडघे वाकले आणि तो भुईवर बसला. मग आडवा झाला. त्याची कातडी लाटेसारखी थरथरत होती. ऋजुताने त्याचे डोके मांडीवर घेतले. इनामदारांनी शिरेतून औषध दिले, स्टेथोस्कोप लावला, मान हलवली, पुन्हा लावला. ऋजुता सारखी विचारत राहिली, आता खंड्याला काय होतंय, आता? आणि आप्पा सांगत राहिले. आधी वाक्यांत, मग एकेका शब्दात. शेवटचा शब्द होता ‘गार’.

त्यानंतर खंड्याची थरथर एकाएकी थांबली.

क्षणभर तो तसाच पडून राहिला. मग त्याने पुढचे पाय रोवले, अंग वर ओढले आणि उभा राहिला. सगळे अंग झाडले. काळ्या फेसाचे शिंतोडे ऋजुताच्या चेहऱ्यावर उडाले. इनामदारांनी स्टेथोस्कोप लावला, आणि त्यांच्या तोंडावर हसू पसरले.

“वाचला! मॅडम, वाचला! ताल अगदी सरळ आहे. इतक्या लवकर उतरेल असं वाटलं नव्हतं!” त्यांनी खंड्याच्या मानेवर थाप मारली. “अरे राक्षसा, घाम फोडलास की रे!”

तबेल्यात कुणी टाळ्या वाजवल्या. खंड्या दोन पावले चालत स्टुलापाशी गेला आणि आप्पांच्या मांडीवर त्याने डोके टेकवले. ऋजुता बाहीने तोंड पुसत वळली. तिलाही हसू येत होते.

“आप्पा, आता कसं वाटतंय त्याला?”

आप्पा भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते. आतले ऐकत असले म्हणजे ते नेहमी असेच बसत. म्हणून ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली.

आप्पांच्या शवविच्छेदनात हृदयाची धमनी बंद झालेली सापडली. त्रास बहुधा आदल्या संध्याकाळीच सुरू झाला असावा, असे रुग्णालयातल्या डॉक्टरांचे मत पडले. गव्हाणीतल्या गवतात कण्हेरीचे एकही पान नव्हते. खंड्याच्या रक्ताची तपासणी ऋजुताने स्वतः केली, मग पुन्हा केली. त्या रक्तात कसलेच विष नव्हते.

कौमुदी आली तेव्हा ऋजुता प्रयोगशाळेत होती आणि इनामदार खिडकीशी पाठमोरे उभे होते.

“आप्पांना जे होत होतं ते त्यांचं स्वतःचं होतं,” कौमुदी सावकाश म्हणाली. “ते त्यांनी शिकवल्याप्रमाणे घोड्याचं म्हणून सांगितलं. इथवर मला कळतं. पण घोडा का कोसळला? उलटा प्रवाह तर—”

“क्षीण आहे. कुणाला क्षीण?” ऋजुताने मध्येच विचारले.

“आम्ही माणसांवर…” कौमुदी बोलायची थांबली.

“कळपातला एक घोडा बिचकला, तर बाकीच्यांना कळायला आवाज लागत नाही,” ऋजुता म्हणाली. “शेजारच्याचं भय ज्याला उशिरा कळलं, तो घोडा लांडग्यांनी केव्हाच खाल्ला. जे उरले त्यांच्या पोटचे हे आहेत. तुम्ही तो प्रवाह बहिऱ्यांना ऐकवून पाहिलात, टिपणीस.”

कौमुदीने हातातली पेटी खाली ठेवली.

“मग तो बरा कसा झाला?” कौमुदीने विचारले, आणि विचारता विचारताच तिने तोंडावर हात ठेवला.

“प्रवाह थांबला,” इनामदार खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. “आणि मी ‘वाचला’ म्हणून ओरडलो. मी थाप मारली त्याला.”

ऋजुताने त्यांना पाण्याचा पेला दिला. त्यांची निदानाची एकही पायरी चुकली नव्हती, हे तिने चौकशी समितीपुढेही सांगितले. लक्षणे अचूक होती, घाईही योग्य होती. फक्त रोगी दुसराच होता, आणि तो तबेल्यात सर्वांच्या डोळ्यांसमोर बसलेला होता.

सेतूवर बंदी आली नाही. शेतात, बांधावर माणसे सापाने मरत होती आणि औषध हवेच होते. कायद्यात एक कलम तेवढे वाढले: पट्टा चढवण्यापूर्वी, आणि घोड्याला काहीही झाले तर सर्वांत आधी पट्टा उतरवून, सहवेदकाला त्याच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी विचारावे. विचारणारी व्यक्ती मात्रा ठरवणारीच असावी. कलमाचा मसुदा ऋजुताने लिहिला होता.

नव्या सहवेदक सुलोचना कंक, पूर्वी दूध डेअरीत काम केलेल्या, पन्नाशीच्या. पहिल्या दिवशी त्या पदर खोचून स्टुलावर बसल्या, पट्टा मांडीवर घेतला आणि खंड्याकडे पाहून म्हणाल्या, “हाच का तो? दिसतोय तर गरीब.”

खंड्या कान टवकारून त्यांच्याकडे पाहत होता.

इनामदार चकती तपासून बाजूला झाले. आता ऋजुताने विचारायचे होते. शब्द ठरलेले होते, तिचेच होते. ती स्टुलासमोर उभी राहिली आणि तिच्याने बोलवेना.

“विचारा की, मॅडम,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “तुम्ही विचारल्याबिगर मला पट्टा घालता येत न्हाई म्हणं.”

ऋजुता त्यांच्याकडे पाहत नव्हती. त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीकडे, आप्पा टेकत त्या चुना उडालेल्या जागेकडे पाहत होती. इनामदार पुढे झाले, मग थबकले.

“आप्पा,” ती म्हणाली, “तुम्हाला काय होतंय?”