चौथं रीळ

जरा जवळ सरकून बसा. अंथरुणं मग घालू. खोनकेन शहरात नूडलच्या दुकानाच्या माडीवर दर रविवारी सिनेमावेड्यांची मंडळी जमते. तिथला विरोत तुम्हाला ठाऊक आहे. चष्मेवाला, जिभेला धार असलेला. ही त्याच्यावर गुदरलेली गोष्ट. त्याने मला एकदाच सांगितली, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

गेल्या जानेवारीची सतरा तारीख, शनिवार, अमावास्येची रात्र. विरोत छोट्या ट्रकमध्ये प्रोजेक्टर, पडदा, जनरेटर आणि पाच रिळांचे डबे घालून नोनखाम गावाला निघाला होता. काम मालिवानचं होतं. मालिवान त्याच मंडळीतली, विरोतहून थोडी मोठी, शाळेत शिकवणारी. तिची आई पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली. नोनखाम हे आईचं माहेर. तिथल्या राखणदाराला, पू-ताला, मालिवान नवस बोलली होती, की आई उठून बसली तर तुझ्यापुढे अख्खा सिनेमा दाखवीन. आई उठून बसली. पण नवस फेडायच्या दिवशीच तिला पुन्हा ताप भरला. मालिवानला तिच्या उशापासून हलता येईना. म्हणून विरोत.

सिनेमाही तिनेच निवडला होता. सोमनूकचा. चाळीस वर्षांपूर्वी नोनखाममध्येच काढलेला. त्यातली सगळी माणसं गावचीच. आता त्यांतलं फारसं कुणी उरलेलं नाही. सोमनूकही गेला.

सोमनूकचं नाव निघालं की माडीवर दोन तट पडायचे. या दिग्दर्शकाची तऱ्हाच तशी. बाई पाण्याला गेली की त्याचा कॅमेरा तिच्यामागे जात नाही. रिकामं अंगण दाखवत राहतो, ती परत येईपर्यंत. या सिनेमाचं चौथं रीळ म्हणजे जवळजवळ तेवढंच.

"ह्याच्या सिनेमाला तिकीट कशाला? उशी द्या एकेक," विरोत म्हणायचा. माडी हसायची.

"तू पडदा बघतोस कुठे? घड्याळ बघतोस," मालिवान म्हणायची.

"ताई, ते चौथं रीळ काढून टाका. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. लावा पैज."

"ज्यांचं अंगण आहे त्यांच्या येईल."

"ते येतात का सिनेमाला?"

पुन्हा हशा. विरोतने हरलेला वाद कुणी पाहिला नव्हता.

तर त्या रात्री राखणदाराच्या झाडीसमोर, मोकळ्या माळावर पडदा लागला. ठाण्याची पूजा बघणारे फुआन आजोबा आले. उकडलेली कोंबडी, चिकट भात, तांदळाची दारू मांडली. उदबत्त्या लावल्या आणि अंधाराकडे तोंड करून हाक दिली, "या रे, या गं. तुमच्यासाठी आहे. बसून घ्या." मग विरोतला म्हणाले, "आली मंडळी. आता जेवणाऱ्यापुढून ताट ओढायचं नाही. शेवटापर्यंत दाखवायचं."

"तुम्ही नाही थांबत, आजोबा?"

"मला काय घाई आहे त्यांच्यात बसायची?" म्हातारा हसला आणि घरी गेला.

समोर माळ. माणूस एक नाही.

तीन रिळं नीट झाली. थंडी हाडात शिरत होती. विरोतने चौथा डबा उचलला, आणि त्याला एकदम हसू आलं. इतकी वर्षं पैज लावतो आहोत, आज बघूच की! पुढे बसलंय कोण? त्याने चौथा डबा ट्रकमध्ये ठेवून दिला आणि पाचवं रीळ लावलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग कुणीतरी खोकलं.

विरोतने मान वर केली. माळ रिकामा होता. सिनेमातला आवाज असेल, असं त्याने मनाला सांगितलं. पण पडद्यावर त्या वेळी नुसता रस्ता होता.

मग पडद्याच्या खालच्या कडेला एक सावली आली. डोक्याची. खेळ चालू असताना पुढचा माणूस उजेडात उभा राहिला की पडते, तशी. ती सरकत डावीकडे गेली. मागोमाग दुसरी. मग एक वाकलेली, म्हातारीची असावी. मग तिच्या आडून एक लहान...

प्रेक्षक उठून चालले होते.

विरोतने पडद्यापर्यंत पाहिलं. उजेडाच्या झोतात कुणी नव्हतं. सावल्या मात्र जात होत्या. एकामागून एक. न बोलता. न रागावता.

खिशातला फोन वाजला. मालिवान.

"विरोत, सगळं नीट चाललंय ना रे?"

"हो... हो, ताई."

"आईचं अंग गार पडतंय. डोळे उघडत नाही. सारखं पुटपुटतेय. म्हणते, उठू नका ना... कुठे निघालात सगळे... बसा ना..." तिचा आवाज फाटला. "तू काही गाळलं नाहीस ना रे?"

विरोतची नजर ट्रककडे गेली. मग म्हणाला, "नाही."

फोन बंद झाला.

ते 'नाही' त्याच्या तोंडात तसंच राहिलं. भीती खूप वाटत होती, बाळांनो, पण तो म्हणाला, त्या भीतीच्याही वर काहीतरी होतं. तोंडाला आग लागल्यासारखं. अंधारात, एकटा असताना, त्याला तोंड लपवावंसं वाटलं. एका आजारी बाईच्या जिवावर आपण पैज खेळलो. आणि विचारलं तेव्हा...

त्याने मशीन थांबवलं. पडदा काळा झाला. जनरेटरची धडधड तेवढी.

त्याने माइक हातात घेतला. कर्णा खरखरला.

"थांबा..."

काही नाही.

"जाऊ नका. चौथं रीळ राहिलंय. चुकून नाही राहिलं. मी... मीच काढून ठेवलं होतं. मला वाटलं, कुणाला कळणार आहे? माझं चुकलं. म्हातारीवर राग धरू नका. मला काय ते करा."

त्याचा आवाज माळभर फिरून परत आला. त्याने हात जोडले, कपाळाला लावले. मग ट्रकमधून चौथा डबा आणला. फीत खाचेत बसवली.

मशीन सुरू झालं.

अंगण. बाई घागर घेऊन गेली. अंगण रिकामं. एक कोंबडी आली, गेली. दोरीवरचं धुणं हललं. विरोत उभाच होता. घड्याळ बघायची छाती नव्हती. तो बघत राहिला. ऊन हळूहळू अंगणातून सरकत होतं. हे त्याने आजवर कधी पाहिलंच नव्हतं. त्याला वाटू लागलं, ती बाई आता येत नाही. तिला काही झालं. ये गं, तो मनात म्हणाला. ये...

बाई आली. घागर उतरवली.

आणि माळावर, अंधारात, श्वास सुटला. एकाचा नाही. पुष्कळांचा. हं... असा.

पाचवं रीळ त्याने पुन्हा पहिल्यापासून लावलं. सावली आली नाही. खेळ संपला तरी तो जागचा हलला नाही. मशीनचा दिवा घालवायचं धाडस होईना. तेल संपून जनरेटर आपोआप बंद पडला, तेव्हा तो ट्रकमध्ये जाऊन काचा लावून बसला.

पहाटे फोन आला. मालिवान रडत होती, हसत होती. "उठली रे! पेज दे म्हणाली. तुझे उपकार कसे फेडू, विरोत?"

खरं काय घडलं, ते आजही त्याने तिला सांगितलेलं नाही. माडीवर सोमनूकचा विषय निघाला की तो कपातल्या चहाकडे बघत बसतो. मंडळी म्हणतात, हरला बघा शेवटी! मालिवान म्हणते, असू दे रे, नका चिडवू. ती त्याची बाजू घेते, ते त्याला सगळ्यात जड जातं.

त्या पहाटे फोन ठेवून तो पडदा काढायला ट्रकमधून खाली उतरला. उजाडत होतं. रात्रभर दव पडलेलं. सगळा माळ पांढरा, ओला. पावलं भिजत होती.

पडद्यासमोर गवतात कोरडे चौकोन होते.

लांबट. ओळीने. आत्ताच कुणी चटया गुंडाळून उचलल्यात, असे. त्यांच्यातलं गवत दबलेलं होतं. दवाचा थेंब नाही. त्याने मोजले नाहीत. नुसता बघत मागे मागे सरकत राहिला. पाठ प्रोजेक्टरला लागली, तेव्हा खाली पाहिलं.

तिथेही एक चौकोन होता. एकाच माणसापुरता. खेळभर तो जिथे उभा होता, त्या जागेला अगदी खेटून.