नदीच्या वरच्या अंगाला

नोलीनने पाठपिशवीत फ्रूटकेकचे तीन तुकडे घातले. अलेकने ते पाहिलं आणि मान वळवली. जाणार तर दोघंच होते. पण वर्षभरात बायकोशी हुज्जत घालायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

त्यांचा मुलगा ब्रेडन मागच्या पानगळीत याच वाटेवर गेला. खिंड चढून वाटसरूंच्या झोपडीत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी नदी ओलांडून घर गाठायचं, एवढीच वाट. न्यूझीलंडच्या त्या पश्चिम डोंगरांत नदीला पूल कुठला! तिथली माणसं साखळी करून उतरतात. पाठीमागून हात घालून शेजाऱ्याच्या पिशवीचा कमरपट्टा धरायचा. सगळ्यात दणकट माणूस वरच्या अंगाला, पाण्याचा मार त्याने खायचा. ब्रेडन एकटाच होता, साखळी करणार कोणाशी? नदीने नेला तो नेलाच. बूटसुद्धा हाती लागला नाही.

"त्याला धरायला कोणी नव्हतं, अलेक," नोलीनचं एकच पालुपद. "आपण जाऊ. त्याला नदीपार उतरवून आणू."

"आणि मग?"

"मग मी त्याची खोली आवरेन."

वर्षभर ती खोली तशीच पडून होती. या एका शब्दावर अलेक तयार झाला होता.

खिंडीतल्या वाऱ्याने दोघांचा जीव मेटाकुटीला आणला. झोपडीत चूल पेटली, ओल्या लोकरीचा आणि धुराचा वास कोंदून राहिला. केकचा तिसरा तुकडा नोलीनने खिडकीत ठेवला. बाहेर पावसाने जोर धरला होता. अंथरुणात पडल्यावर नदीच्या तळाचे धोंडे एकमेकांवर आपटताना ऐकू येऊ लागले... धप्... धप्... कुणी जड बूट घालून येरझारा घालाव्यात तसे. दोघंही जागे होते आणि दोघांनीही झोपेचं सोंग घेतलं होतं.

सकाळी तुकडा तिथेच होता. उंदरानेही तोंड लावलं नव्हतं.

पाणी गढूळ झालेलं, मांडीच्या वर.

"थांबू या गं. दुपारपर्यंत ओसरेल."

"तो थांबला नव्हता."

"म्हणून तर गेला ना, बाई!" अलेक ओरडला, आणि ओरडल्यावर त्याचंच तोंड उतरलं.

नोलीन पाण्याकडे निघालीच होती. मग तो वरच्या अंगाला उभा राहिला. त्याने तिचा पट्टा धरला, तिने त्याचा.

पाणी हाडापर्यंत गार. मध्यावर अलेकचा तोल गेल्याचं तिला जाणवलं. पण तिचं सगळं लक्ष आपल्या मोकळ्या हाताकडे होतं. खालच्या अंगाला तो हात पसरून, बोटं उघडून ती चालली होती. "ये रे... ये माझ्या सोन्या... धर..."

बोटांना नुसता फेस लागत होता. एकदम पाण्याचा जोर ओसरला. उथळ लागलं असेल, असं तिला वाटलं, आणि पलीकडचा काठ आला.

दगडांवर बसून तिने हंबरडा फोडला. "नाही आला रे! आईकडे आलाच नाही!"

अलेक उभाच होता, नदीकडे पाठ करून. त्याचे दात वाजत होते.

"तुझ्या बाजूला कशाला येईल?" तो हळूच म्हणाला.

"काय?"

"दणकट होता ना आपला पोरगा... माझ्यापेक्षा. तो वरच्या अंगाला आला. पाठीमागून हात घालून माझा पट्टा धरला त्याने, मी त्याचा. मधे माझे पाय सुटले होते, नोलीन... त्यानेच..."

"मग कुठाय तो? कुठाय, अलेक?"

म्हातारा लहान मुलासारखा रडायला लागला. "काठाला लागलो आणि मी घाबरलो गं. मी माझा हात काढून घेतला... त्याने नाही काढला."

नोलीनने वर पाहिलं. अलेकच्या पिशवीचा कमरपट्टा मागे, नदीच्या बाजूला ताणलेला होता. ओढून धरलेला, थरथरणारा. त्यापलीकडे कुणीच नव्हतं.

अलेकचा हात बकलाकडे गेला. तिने त्याचं मनगट पकडलं.

"नको रे... राहू दे."

ती उठून त्याला बिलगली आणि त्याला घेऊन तशीच खाली बसली. वर डोंगरात पाऊस चालूच होता. पाणी एकेक दगड गिळत वर येत होतं, आणि दोघांपैकी कुणीही जागचं हललं नाही.