कृष्णाबाईला कोणी बुडवलं?

बोट बुडाल्याचं शुभ्राला दुःख होतंच. पण बोट बुडाल्यावर वडिलांनी चकार शब्द काढला नाही, हे तिला जास्त लागलं होतं.

शारजातल्या अल नहदामध्ये ती मंजुषाताईंच्या खालच्याच मजल्यावर राहायची. ती आली तेव्हा निनाद ताईंकडे पोहे खात होता. बायको मुलाच्या शाळेसाठी पुण्याला परतल्यापासून त्याच्या फ्लॅटमधली शेगडी थंडच होती. मंजुषाताई पूर्वी विमा कंपनीसाठी बुडालेल्या जहाजांची तपासणी करायच्या. आता तेच काम त्या स्वतंत्रपणे करत, आणि निनाद त्यांची गाडी चालवायचा, फोटो काढायचा, शिवाय अर्ध्या वाटेतच गुन्हेगार ठरवून मोकळा व्हायचा.

शुभ्राने सांगितलं ते असं. तिचे वडील गुणवंतराव वीस वर्षं फुजैराला एकटेच असतात. किनाऱ्यापासून दूर, तेल भरायची वाट बघत जी जहाजं उभी असतात, त्यांना भाजी, पिण्याचं पाणी आणि मेकॅनिक पोहोचवायचा त्यांचा छोटा धंदा. त्यासाठी एक लाँच, तिला त्यांनी आपल्या आईचं नाव दिलेलं: कृष्णाबाई. आता शुभ्राच्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली होती. वडिलांनी धंदा गुंडाळून आपल्याबरोबर यावं असं ठरलं होतं, आणि शनिवारी खोर फक्कानचा एक माणूस विकत घेतलेली बोट न्यायला येणार होता. गुरुवारी सकाळी कृष्णाबाई तळाला गेलेली दिसली.

"आपोआप नाही बुडाली, ताई. तळाचं बूच काढलं होतं," शुभ्रा म्हणाली. "आणि बोटीची बॅटरी आणि वायरलेस सापडला कुठे, तर स्टोअरमध्ये, ताडपत्रीखाली लपवलेला. स्टोअरची किल्ली असते तिघांकडे. बाबा, त्यांचे पार्टनर रामेश्वरकाका आणि मेकॅनिक नूरुद्दीन. धंदा बंद झाला की नोकरी जाणार कोणाची? मी आजच पोलिसांत कंप्लेंट देणार आहे."

"बाबा काय म्हणतात?"

"म्हणतात, जाऊ दे. इन्शुरन्सच्या क्लेमवर सहीसुद्धा करत नाहीत."

मंजुषाताईंनी बशी बाजूला ठेवली. परदेशात पोलीस केस म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. नाव एकदा कागदावर आलं की कामगाराची नोकरी, व्हिसा, सगळं खलास. मग तो निर्दोष सुटला काय आणि न सुटला काय. त्यांनी शुभ्राकडे संध्याकाळपर्यंतचा वेळ मागून घेतला.

"नूरुद्दीनच," फुजैराच्या वाटेवर डोंगरातला पहिला बोगदा यायच्या आत निनाद म्हणाला.

"बोगदा तरी येऊ दे," ताई म्हणाल्या.

मागच्या सीटवर शुभ्रा खिडकीबाहेर बघत होती. डोंगर संपले, खाली समुद्र दिसला आणि त्यावर स्वस्थ उभी असलेली जहाजं. कुणाला घाई नसलेली ती रांग निनादला नेहमीच उदास करायची. घरी जाऊन आपणही असेच वाट बघत बसणार आहोत, हे त्याला माहीत होतं.

क्रेनने बोट आदल्या दिवशीच वर काढून धक्क्यावर ठेवली होती. ताईंनी आधी बोट पाहिलीच नाही. ती कुठे बुडाली होती ते पाहिलं. एरवी कृष्णाबाई खोल पाण्याच्या धक्क्याला बांधलेली असे. बुडाली मात्र बंदराच्या आतल्या कोपऱ्यात, इतक्या उथळ पाण्यात की ओहोटीला केबिनचं छप्पर वर दिसत होतं. धक्क्यावरच्या पहारेकऱ्याला त्यांनी विचारलं, पाण्यावर डिझेलचा तवंग आला होता का? नाही म्हणाला, आला असता तर बंदराच्या साहेबांनी पहिली त्याचीच मान धरली असती. टाकी कोरडी निघाली.

मग त्या बोटीत चढल्या. बूच हरवलं नव्हतं. दोरीने नीट स्टिअरिंगला बांधून ठेवलं होतं. इंजिनात हवा जायच्या आणि धूर यायच्या भोकांत ग्रीस फासलेल्या चिंध्या गच्च कोंबल्या होत्या. निनादने सगळ्याचे फोटो काढले. चोराने बरीच मेहनत घेतली आहे, एवढंच त्याला वाटलं.

नूरुद्दीन पाइप घेऊन इंजिन गोड्या पाण्याने धूत होता. माणूस हर्णैचा, पस्तिशीचा, डोळे तांबारलेले.

"मेलेल्याला आंघोळ घालतोय, ताई," तो म्हणाला. "खारं पाणी एक दिवस आत राहिलं, म्हणजे इंजिनाने दम सोडलाच. रोज बोट परत आली की मी गोडं पाणी मारतो. आमच्या गावाला तर बोट वर ओढूनच ठेवतात."

बॅटरी आपण काढली नाही, असं त्याने सांगितलं. बोट विकणार हेही त्याला बाहेरच्या माणसाकडून कळलं होतं, आणि त्याचं त्याला वाईट वाटलं होतं. ते त्याने लपवलं नाही. शेजारच्या कलबा गावात एका मच्छीमार कंपनीत त्याला बोलावणं होतं, पण पोलीस केस झाली तर तिथेही कोण उभं करणार? शुभ्रा जवळ येताना दिसली तसा तो पाइप घेऊन दुसऱ्या बाजूला गेला.

रामेश्वरकाका स्टोअरच्या दारात स्टुलावर बसून वायरींच्या टोकांवरचा हिरवा थर खरवडत होते. मूळचे नागपूरचे, इलेक्ट्रिशियन, गुणवंतरावांचे तीस वर्षांचे सोबती. समुद्राच्या खाराला शिव्या घालतच त्यांनी बोलायला सुरुवात केली; या पाण्यात तांबं टिकत नाही, लोखंड टिकत नाही, माणूस तेवढा टिकतो म्हणाले.

"बोट तुम्हाला हवी होती?"

"हवी होती. पोरीने दुसऱ्याला शब्द दिला होता. मग कोणी बुडवेल का हो आपल्याला हवी असलेली बोट?" त्यांनी वायर खाली ठेवली. "मी गुणवंतरावांबरोबर वॉरीला होतो. नायजेरियात. तेलाचं शहर. आम्ही गेलो तेव्हा काय रुबाब होता म्हणून सांगू. तेल कंपन्यांची ऑफिसं, क्लब, रात्री उशिरापर्यंत बाजार. आज बंद फाटकं बघायला मिळतात म्हणे."

"कशामुळे?"

"लोक जमातींच्या मारामाऱ्यांना दोष देतात. मी म्हणतो, नदीचं तोंड गाळाने भरलं. मोठं जहाज आत येईना, मग बंदर कशाला, आणि बंदर नाही तर शहर कशाला?"

मारामाऱ्या पेटल्या तशी कंपनीने पहिली तुकडी बाहेर काढली, तिच्यात रामेश्वरकाका होते. ते परत गेलेच नाहीत. गुणवंतराव वर्कशॉप सांभाळायला मागे राहिले. खाड्यांमधून बोटी दिवसाढवळ्या पळवून न्यायचे त्या काळात. "त्यांनी मात्र एकसुद्धा बोट जाऊ दिली नाही," काका अभिमानाने म्हणाले. "कशी राखली ते त्यांनाच ठाऊक. इथे आल्यावर मात्र ऑफिसात बसले. इंजिनाला हात लावायचा तो नूरुद्दीनने."

स्टोअरच्या वरच गुणवंतरावांची खोली होती. खिडकीतून समुद्र, टेबलावर दोन कप, आणि त्यातला एक न वापरलेला. म्हातारा माणूस पाहुण्यांना पाहून इतका खूश झाला की निनादलाच कसंसं झालं. त्यांनी स्वतः चहा केला, साखर विचारायचीही विसरले, आणि मग सहज विचारावं तसं म्हणाले, "इंजिन वाळवलं की चालेल ना?"

"नाही चालणार," ताई म्हणाल्या. "खाऱ्या पाण्याने खाल्लं ते."

गुणवंतरावांचा चेहरा उतरला. आपल्याच घरात कुणी गेल्याची बातमी उशिरा कळावी तसा तो दिसत होता. ताईंनी विषय बदलला आणि वॉरी का बसलं, असं विचारलं. निनादला हा प्रश्न अगदीच अवांतर वाटला.

"रामेश्वरने गाळाचं सांगितलं असेल. खरं आहे ते," गुणवंतराव म्हणाले. "जमातींची भांडणं खरी. घराचा पाया खणायच्या आधी पोरांच्या टोळ्या हप्ता मागायच्या, तेही खरं. एवढ्यानेही शहर तगलं असतं. पण सगळे गेले ना, ते थोडे दिवस म्हणून गेले. बायकामुलांना थोडे दिवस लेगॉसला पाठवू. मग ऑफिस थोडे दिवस हलवू. कायमचं जातो असं एकही माणूस म्हणाला नाही. आमच्या फाटकासमोर एक शिंपी होता, त्याने साहेबांचे सूट शिवून ठेवले होते. खानावळवाली रोज तेवढाच भात शिजवायची. जाणाऱ्यांनी खरं सांगितलं असतं, तर त्या लोकांनी दुसरं काही बघितलं असतं. ती माणसं वाट बघत बसली आणि बसल्या जागी संपली."

ताईंनी आणखी एकच गोष्ट विचारली: धंदा बंद केला तर इथल्या व्हिसाचं काय? तो कंपनीवरच आहे, कंपनी गेली की तोही गेला, मग परत येता येत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि कप उचलून मोरीकडे नेला.

चार वाजता शुभ्राने पर्स उचलली. पोलीस स्टेशन जवळच होतं. ताईंनी तिला बसवलं, रामेश्वरकाकांना वर बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"निनाद, तुला बोट बुडवायची आहे, सूड म्हणून. काय करशील?"

"बूच काढीन आणि पळीन."

"बरोबर. डिझेल उपसत बसणार नाहीस. बॅटरी, वायरलेस कोरड्या जागी झाकून ठेवणार नाहीस. बोट खोल पाण्यात होती, तिथेच बुडवशील. उथळ पाण्यात आणणार नाहीस. आणि काढलेलं बूच समुद्रात फेकशील. इथे ते स्टिअरिंगला बांधलेलं आहे. का? तर बोट वर काढली की लगेच हाताशी यावं म्हणून. शुभ्रा, ही बोट कोणी मारली नाही. कोणीतरी ती लपवून ठेवली."

"पाण्याखाली?" शुभ्रा म्हणाली.

"नदीकाठचे लोक करतात असं. लुटारू यायच्या आत बोट उथळ पाण्यात बुडवायची, इंजिनाची तोंडं ग्रीसने बंद करायची, आणि लुटारू गेले की उपसून वर काढायची. खाडीचं पाणी बरंचसं गोडं, गाळ मऊ. इंजिन वाचतं."

"वॉरीत," निनाद पुटपुटला. आणि मग एकदम, "म्हणजे रामेश्वरकाका!"

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला जीभ चावावीशी वाटली.

"त्यांनी ते बघितलंच नाही. ते पहिल्या तुकडीत बाहेर पडले," ताई म्हणाल्या. "आणि मुख्य म्हणजे, हा डाव इथे चालत नाही. समुद्र खारा आहे. चिंध्या कोंबून तो थांबत नाही. ही चूक कोण करील? नूरुद्दीन रोज गोड्या पाण्याने इंजिन धुतो, तो नाही. काका खाराने खाल्लेल्या वायरी खरवडतात, ते नाही. ज्याने हा डाव गोड्या पाण्यात यशस्वी केला आहे, आणि इथे ज्याने वीस वर्षांत इंजिनाला हातच लावला नाही, असा माणूस. ज्याला अजून वाटतं की वाळवलं की चालेल. आणि जो इतका सरळ आहे की त्याला खोट्या क्लेमवर सही करवत नाही."

शुभ्राने वडिलांकडे पाहिलं, आणि तिचं तिलाच समजलं.

"बाबा, यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं."

"कशाला नाही म्हणू?" गुणवंतराव शांतपणे म्हणाले. "तू म्हणालीस, थोडे दिवस चला, बघा करमतं का. थोड्या दिवसांना माणूस नाही कसं म्हणणार? आणि बोट तर विकलीस. शनिवार टळला की पुढचं बघू, एवढंच डोक्यात होतं. मला वाटलं, गळली म्हणतील. मग नूरुद्दीनचं नाव निघालं आणि माझी वाचाच बसली. तू खरं सांग आता. थोडे दिवस की कायमचं?"

शुभ्राच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.

"कायमचं, बाबा. तुम्ही इथे एकटे मराल अशी मला भीती वाटते."

"मला पण वाटते," ते म्हणाले. "पण आता विचारलंस, तर सांगतो. मी नाही येणार."

ते उठले. त्यांना कुणी धरायला गेलं नाही. जिना उतरून ते धक्क्यावर गेले आणि नूरुद्दीनच्या समोर उभे राहिले. मागून शुभ्रा, निनाद आणि ताई आल्या. बोट मीच बुडवली, आणि तुझं नाव निघालं तेव्हा मी गप्प बसलो, असं गुणवंतरावांनी सगळ्यांदेखत सांगितलं. शुभ्राने माफी मागितली. नूरुद्दीनने पाणी बंद केलं आणि पाइप गुंडाळायला घेतला.

"शेठ, दोन रात्री मी पोलिसांची वाट बघत बसलो होतो," गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला. "घरी फोन करून बायकोला सांगून ठेवलं, नाही आला फोन तर घाबरू नको."

"नवं इंजिन बसवू. धंदा मी बंद करत नाही. तू राहा."

"नाही, शेठ. मी कलबाला जातो. तुमच्यावर राग नाही. पण इथे आता माझं मन लागायचं नाही. परत येईन असं खोटं सांगत नाही."

गुणवंतरावांनी समुद्राकडे पाहिलं. जहाजं तशीच उभी होती. कायमचं निघून जाणं, या ज्या एका गोष्टीला भिऊन त्यांनी आपल्या आईच्या नावाची बोट बुडवली, ती गोष्ट आता त्यांच्यासमोर ओल्या पायांनी उभी होती, आणि तिने निदान तोंडावर सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली.

"मग जेवून जा," ते म्हणाले. "मी भात टाकतो."

नूरुद्दीनने क्षणभर विचार केला आणि हात धुतले. शुभ्रा वर गेली आणि ताटं मांडू लागली.