हात थांबवायचा नाही

दौंडला रेल्वे कॉलनीच्या मागे अब्राहाम आणि त्याची बायको कृपाबाई यांच्या घरात मी भाड्याने राहतो. प्राध्यापकी संपली ती सत्त्याण्णवला. तेव्हापासून मला एकही कथा लिहिता आलेली नाही. अब्राहाम रिटायर्ड इंजिन ड्रायव्हर. तो चिडवायचा, "सर, तुमचं इंजिन शेडातच गंजलं की हो!"

परवा माझी जुनी विद्यार्थिनी साधना शिरूरहून आली. तिने एक व्यायाम सांगितला. गजर लावायचा आणि तो वाजेपर्यंत सुचेल ते लिहायचं. खोडायचं नाही, हात थांबवायचा नाही.

आज दुपारी वीज गेली होती. ओसरीवर अब्राहाम खाटेवर घोरत होता. मी शेजारी बसून लिहू लागलो. वांगी, गुडघा, सुचत नाही, सुचत नाही... आणि एकाएकी पेन सुसाट सुटलं! वाक्यं माझ्या पुढे पळत होती. ओल्या कोळशाचा वास आला, पण तो कुठून येतोय हे बघायलाही मी थांबलो नाही. गजर वाजला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. राहवेना, म्हणून मोठ्याने वाचलं :

"ओ डायवर, उठा. कॉल हाय तुमचा. सही करा..."

अब्राहामने डोळे न उघडताच हात पुढे केला, माझं पेन घेतलं आणि कागदावर सही ठोकली. मग तो खडबडून उठला.

"चांगदेव कुठाय?"

"कोण चांगदेव? हे मी लिहिलंय..."

"न्हाई सर. हे त्याचंच बोलणं."

चांगदेव कॉलमन होता. गाडीच्या आधी ड्रायव्हरच्या घरी जाऊन त्याला उठवायचं आणि सही घ्यायची, हे त्याचं काम. तो वारून कैक वर्षं झाली.

"लई बेरकी," अब्राहाम हळू आवाजात म्हणाला. "आधी सही घ्यायचा, मंग गाडीचा टायम सांगायचा. टायम सांगितला की निघायचंच."

मी त्याच्या हातातून पेन घेऊन खाली ठेवलं. माझं बोट आपोआप मांडीवर फिरू लागलं. "टायम" एवढं गिरवून झालं आणि पुढचा आकडा सुरू झाला... मी झडप घालून पेन उचललं आणि भलतंच काहीतरी लिहू लागलो. बोट ताळ्यावर आलं!

तेव्हापासून मी लिहितोय. थांबलो, की तो आकडा पुरा होईल. तुम्ही वाचताय तेही त्यातलंच. कदाचित हा सगळा माझ्याच मनाचा खेळ असेल. अब्राहामकडूनच कधी ऐकलेलं असेल. खात्री नाही. पण पडताळून बघायची हिंमतही नाही. आणि सांगायला लाज वाटते, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"चालू द्या सर, शिग्नल हिरवा हाय," अब्राहाम हसायला बघतो. घाम पुसतो.

दिवेलागण झाली. आत्ताच कृपाबाई मागच्या दाराकडून ओसरीवर आल्या.

"कोन तरी मानूस आलाय. आत या म्हनलं, तर म्हनतो, सरांचं लिवून हुद्या, मला घाई न्हाई..."

"कुनाचा कॉल, इचारलंस?" अब्राहाम पुटपुटला.

"इचारलं की. म्हनला, सह्या दोन हायेत."

मी सही केल्याचं मला आठवत नाही. तो पहिला कागद ढिगाच्या तळाशी आहे. डाव्या हाताने ओढून बघता आला असता... पण डावा हात मघापासून मांडीवर काहीतरी गिरवतो आहे.